निरोष्ठ रामायण आणि कलेची व्याख्या

सौंदर्यशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात वर्षअखेरीस एक निबंध लिहून घेण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी रूढ आहे. विषय बहुधा एकच असतो : कलेची आपणांस पटलेली व्याख्या सांगून तिचे समर्थन करा. प्रस्तुत लेखकाने असे निबंध बरीच वर्षे तपासले आहेत. त्यांची ठेवणही ठरलेली असते. प्रारंभी टॉलस्टॉय येतो, मागोमाग क्लाइव्ह बेल, कॉलिंगवुड आणि मर्ढेकर. प्रत्येकावर एकेक आक्षेप घेतला जातो. आणि अखेरच्या परिच्छेदात 'माझ्या मते' या शब्दांनी सुरू होणारे एक वाक्य येते, ज्यात मागील चौघांचे थोडथोडे अंश एकत्र केलेले असतात. हे वाक्य चुकीचेच असते असे नाही. अडचण निराळी आहे. ते लिहिताना विद्यार्थ्याला काहीही सोडावे लागलेले नसते. एखादी विशिष्ट कृती हाती घेऊन 'ही माझ्या व्याख्येत बसत नाही. आता व्याख्या बदलू की कृतीला बाहेर काढू?' असा पेच त्याच्यापुढे उभाच राहिलेला नसतो.

असा पेच एकदा वर्गात उभा राहिला, आणि तो विद्यार्थ्यापुढे नव्हे, शिक्षकापुढे. इंदापूर तालुक्यातून आलेल्या आणि पदवीचा अभ्यास बारामतीस केलेल्या एका विद्यार्थिनीने विचारले : मोरोपंतांचे निरोष्ठ रामायण ही कला की कसरत? प्रश्न कानी पडताच मी 'कसरत' असे उत्तर दिले आणि पुढील मुद्द्याकडे वळलो. उत्तर इतक्या झटकन आले, याचाच पुढे संशय वाटू लागला. प्रस्तुत लेख हा त्या संशयाचा पाठपुरावा आहे. व्याख्या कशी करावी याचे सामान्य नियम सांगण्याऐवजी एक व्याख्या कोणत्या अडचणींतून घडत गेली एवढेच येथे मांडावयाचे आहे.

मोरोपंत पराडकर (१७२९–१७९४) यांचा जन्म पन्हाळ्याचा. तथापि त्यांचे काव्यजीवन बहरले ते कऱ्हेकाठच्या बारामतीस, बाबूजी नाईकांच्या आश्रयाने. नाईकांच्या वाड्यात ते पुराण सांगत. आर्या या वृत्तावरील त्यांचे प्रभुत्व महाराष्ट्रात कीर्तनकारांच्या मुखाने घरोघर पोचले. 'आर्याभारत', 'कृष्णविजय', 'केकावली' ही त्यांची ख्यात रचना. पण याखेरीज त्यांनी रामकथा पुनःपुन्हा, परंपरेच्या गणनेप्रमाणे एकशे आठ वेळा, रचली. आणि यांतील पुष्कळ रामायणे कोणता ना कोणता रचनानियम स्वतःवर लादून घेऊन लिहिली आहेत. मंत्ररामायणात राममंत्राची अक्षरे पद्यांत गुंफलेली आहेत. निरोष्ठ रामायणात ओष्ठ्य वर्ण वर्ज्य आहेत. म्हणजे प, फ, ब, भ, म ही अक्षरे त्यात यावयाची नाहीत. शास्त्राप्रमाणे उकारही ओष्ठ्य आणि वकार दंतोष्ठ्य. त्यामुळे हा नियम सैल किंवा कडक अशा दोन्ही रीतींनी पाळता येतो. आपल्या विवेचनास पवर्गाचा निषेध एवढे पुरे आहे.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेत (१८७४–१८८१) मोरोपंतांची बाजू हिरीरीने मांडली, हे मराठीच्या अभ्यासकांस ठाऊक आहेच. तरीही पुढच्या पिढ्यांच्या अभिरुचीने या नियमबद्ध रामायणांना कवितेच्या दालनात फारशी जागा दिली नाही. माझे झटपट उत्तर हे त्या अभिरुचीचेच उत्तर होते. ते मी विचार करून दिले नव्हते. ते मला वारशाने मिळाले होते.

त्या उत्तरामागे कोणती व्याख्या दडलेली होती? प्रथम आठवते ती आविष्काराची. टॉलस्टॉयने १८९८ च्या सुमारास मांडले की कलावंत स्वतः अनुभवलेली भावना बाह्य खुणांच्या द्वारे दुसऱ्यात संक्रमित करतो आणि हे संक्रमण म्हणजेच कला. या कसोटीला निरोष्ठ रामायण लावले तर पहिलाच प्रश्न अडतो : 'प' आणि 'म' टाळणे ही कोणती भावना? कॉलिंगवुडने १९३८ मध्ये या विचाराला अधिक काटेकोर रूप दिले. कारागिराला काय बनवावयाचे ते आधी माहीत असते, सुताराच्या मनात खुर्ची आधीच तयार असते. कलावंताला मात्र आपण काय म्हणणार हे म्हणून होईपर्यंत कळलेले नसते, असा त्याचा भेद आहे. आपल्याकडील कसब आणि कला या दोन शब्दांत हाच भेद पाहण्याची सवय आता जडली आहे. (बारामतीच्या जुन्या भागास कसबा म्हणतात, तो शब्द निराळ्या धातूपासून आलेला आहे, ध्वनिसाम्यावरून कोणी तर्क लढवू नये.)

या भेदाने निरोष्ठ रामायण कसबाच्या बाजूला पडते असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु थोडे थांबून पाहिले तर उलटच दिसू लागते. ज्या कवीला हवा तो शब्द वापरण्याची मुभा आहे, त्याला ओळीचा शेवट आधी ठाऊक असण्याचा संभव अधिक. ज्याच्या ओठावर आलेला दर तिसरा शब्द नियमाने परत पाठविला जातो, त्याला आपण कोठे पोचणार हे सांगता येणार नाही. तेव्हा कॉलिंगवुडचीच कसोटी मानली तर निरोष्ठ रचना ही सुताराच्या खुर्चीपेक्षा पुष्कळच दूरची वस्तू ठरते.

दुसरी व्याख्या मर्ढेकरांची. 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) या ग्रंथाने आपल्याकडील कलाविचाराला जी शिस्त लावली तिचे ऋण कोणीही नाकारणार नाही. संवाद, विरोध आणि समतोल या तीन तत्त्वांनी संवेदनांची रचना होते आणि त्या लयबद्ध रचनेत सौंदर्य वसते, असे त्यांचे म्हणणे. चित्र आणि संगीत यांना हे चपखल लागू पडते. साहित्याच्या बाबतीत केवळ नादावर भागत नाही, म्हणून त्यांनी भावनांच्या परस्परसंबंधांतील लयीकडे लक्ष वळविले. निरोष्ठ रामायणापुढे ही दोन्ही द्वारे बंद होतात. येथील नियम हा अभावाचा नियम आहे, आणि अभाव ऐकू येत नाही. यमक कानाला कळते, अनुप्रास कळतो. पण या आर्यांत पकार आला नाही हे सांगितल्याशिवाय कोणत्या श्रोत्याला कळेल? जे संवेदनेस येत नाही ते संवेदनांच्या लयीत कसे बसणार?

जुन्या साहित्यशास्त्रकारांनी या प्रश्नाचा निकाल आपल्या परीने लावलाच होता. आनंदवर्धनाने चित्रकाव्यास काव्याची केवळ नक्कल मानले. मम्मटाने त्यास सर्वांत खालची पायरी दिली. पण दंडीचा कल निराळा दिसतो. 'काव्यादर्शा'च्या तिसऱ्या परिच्छेदात त्याने स्वर, स्थान आणि वर्ण यांच्या नियमनाचा विचार केला आहे, आणि 'दशकुमारचरिता'त स्वतःच एक संपूर्ण उच्छ्वास निरोष्ठ लिहून दाखविला आहे. त्याकडे पुन्हा वळावयाचे आहे.

तिसरी वाट व्याख्याच नाकारणारी. मॉरिस वाइट्झने १९५६ मध्ये प्रतिपादिले की कला ही उघडी संकल्पना असून तिचे आवश्यक आणि पर्याप्त असे लक्षण देताच येणार नाही. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त (१९७४) लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी अशा दोन टोकांमधील ताण उलगडून दाखविला तो याच जाणिवेतून. आर्थर डँटोने १९६४ मध्ये 'कलाजगता'ची कल्पना मांडली आणि तिच्यातून पुढे कला म्हणजे कलेच्या संस्थांनी तशी मानलेली वस्तू, असे एक मत निघाले. या मताने आपला पेच एका क्षणात सुटतो : नाईकांच्या वाड्याने, कीर्तनाच्या व्यासपीठाने, पुढे पाठ्यपुस्तकाने मोरोपंतांस कवी मानले, विषय संपला. परंतु विद्यार्थिनीचा प्रश्न असा नव्हता. कोण काय मानते हे तिला ठाऊक होते. मानावे का, हे तिला हवे होते.

येथे 'कला' या शब्दाविषयी एक गोष्ट ध्यानात घेणे इष्ट. वात्स्यायनाच्या चौसष्ट कलांच्या यादीत गायन-नर्तनाबरोबर पाककर्म आहे, सुतारकाम आहे, माळा गुंफणे आहे. तशीच प्रहेलिका, समस्यापूर्ती आणि उच्चारण्यास कठीण अशा रचनांचे पठनही आहे. म्हणजे जुन्या अर्थाने निरोष्ठ रचना ही बिनतक्रार कला होती. कला की कसरत, हा प्रश्नच उद्भवत नव्हता. युरोपातदेखील काव्य, चित्र, शिल्प, संगीत यांना एका तत्त्वाखाली आणणारी 'ललित कलां'ची मांडणी रूढ झाली ती बात्यूच्या १७४६ मधील ग्रंथानंतर. मोरोपंत तेव्हा सतरा वर्षांचे होते. मुंबईस जे. जे. कलाशाळा निघाली १८५७ साली. तेव्हा ज्या अर्थाने आपण आज हा शब्द वापरतो, तो अर्थ मोरोपंतांच्या हयातीत बारामतीपर्यंत आलेलाच नव्हता. यावरून कोणी म्हणेल की, मग आजच्या व्याख्येने त्यांना मोजणे हाच अन्याय. तसे मला वाटत नाही. आपला शब्द आपल्याजवळ आहे आणि त्यानेच आपणांस पाहावयाचे आहे. फक्त त्याची धार आधी तपासून घ्यावी.

आतापर्यंतचा सारा विचार मी वाचणाऱ्याच्या किंवा ऐकणाऱ्याच्या जागेवरून करीत होतो. ती जागा सोडून पठन करणाऱ्याच्या जागी जाऊन पाहिले तेव्हा चित्र बदलले. निरोष्ठ पद्य मोठ्याने म्हणताना ओठ एकदाही मिटत नाहीत. हा अनुभव कानाचा नाही, तोंडाचा आहे. चार-सहा आर्यांनंतर ओठांना कोरडेपणा जाणवू लागतो आणि मिटण्याची एक चमत्कारिक इच्छा होते. म्हणजे अभावाची संवेदना आहे. ती श्रोत्याकडे नसून मुखाकडे आहे. मोरोपंतांची कविता पठनासाठी आणि कीर्तनासाठी होती हे लक्षात घेता ही गोष्ट क्षुल्लक मानता येणार नाही.

पण खरा धक्का यापुढे आहे, आणि तो इतका उघड्यावर पडलेला आहे की आजवर नजरेतून कसा सुटला याचे नवल वाटते. 'राम' या शब्दात मकार आहे. निरोष्ठ रामायणात रामाचे नाव घेता येत नाही.

नियमाचा हिशेब पुढे करीत गेले की यादी वाढत जाते. लक्ष्मण नाही, भरत नाही; सुमित्रा, हनुमान, बिभीषण, कुंभकर्ण नाहीत; आद्यकवी वाल्मीकीचेही नाव नाही. दशरथ, जनक, सीता, कैकेयी, इंद्रजित, लंका यांना प्रवेश आहे. नायकाला 'दाशरथी' म्हणता येईल, 'जानकीनाथ' म्हणता येईल. म्हणजे त्याला कोणाचा तरी पुत्र किंवा पती म्हणूनच हाक मारावयाची. पिता आणि माता हे शब्द बाद. तात आणि जननी चालतील. बाण सोडता येत नाही, शर सोडता येतो. मराठी आख्यानकवितेचा कणाच म्हणता येईल असा 'म्हणे' हा शब्द नाही. भक्ती, प्रेम, भजन, नाम, पाप, पुण्य, मोक्ष हे शब्द नाहीत. पुराणिकाच्या रोजच्या पोतडीतला बहुतेक माल असा दाराबाहेर राहतो.

आणि 'मी' नाही. मी, मला, माझे, आम्ही, आमचे ही सर्व रूपे मकाराची आहेत. संस्कृताकडे धाव घेतली तरी अहम्, मम, मया, माम् यांतून सुटका नाही. क्रियापदाच्या प्रत्ययात प्रथमपुरुष लपविता येईल इतकेच. कवीची मुद्राही नियमाच्या आत राहून येऊ शकत नाही. कारण मोरोपंत असो वा मयूर, मकाराने सुरू होणारेच नाव. एका रामभक्ताने रामकथा सांगावी आणि तिच्यात राम हा शब्द नसावा, मी हा शब्द नसावा : देव आणि भक्त दोघांचीही नावे एकाच नियमाने काढून घेतलेली. 'केकावली'शी याची तुलना करावी. ती रचनाच मुळी भक्ताने देवाला घातलेल्या सादेची; मोराची केका आणि मोरोपंतांची हाक हा श्लेष तिच्या नावातच आहे. तेथे 'मी'वाचून पान हलत नाही. या दोन टोकांच्या रचना एकाच माणसाच्या आहेत.

कीर्तनकार रामनामाची एक लोकप्रिय उपपत्ती सांगतात. 'रा' म्हणताना मुख उघडते आणि पापे बाहेर पडतात. 'म' म्हणताना ओठ मिटतात आणि दार बंद होते. ही उपपत्ती मनात ठेवून निरोष्ठ रामायणाकडे पाहिले तर ते असे रामायण ठरते, की ज्यात दार उघडते पण अखेरपर्यंत मिटत नाही.

यावर साहजिक आक्षेप असा की हे सारे वाचणाऱ्याने आत घातलेले आहे. कवीच्या मनात यातील काही नव्हते, त्याला केवळ पांडित्य दाखवावयाचे होते. कवीच्या मनातले मी सांगू शकत नाही, आणि सांगण्याची गरजही नाही. एवढे मात्र अनुमानाने नव्हे तर नियमाच्या बळावरच सांगता येते, की रचना करताना जेथे जेथे 'राम' हा शब्द कवीच्या ओठांशी आला असेल, तेथे तेथे त्याला तो परतवावा लागला. ज्याने तेच नाव जन्मभर घेतले त्याला हे किती वेळा करावे लागले असेल याची कल्पना करावी. हेतू काहीही असो, ही घटना घडल्यावाचून ते काव्य सिद्धच झाले नसते.

आता दंडीकडे वळू. 'दशकुमारचरिता'तील मंत्रगुप्त आपली हकीकत ओष्ठ्य वर्ण टाळून सांगतो. कारण प्रियेच्या दंतक्षतांनी त्याचे ओठ दुखावलेले आहेत. येथे नियमाला कथेतच कारण आहे. वर्ज्य अक्षर हे सांगणाऱ्याच्या देहावरची जखम आहे. याहून करुण उदाहरण विसाव्या शतकातील फ्रेंच लेखक जॉर्ज पेरेक याचे. त्याने १९६९ मध्ये फ्रेंचमधील सर्वाधिक वापराचे 'ए' हे अक्षर पूर्णपणे टाळून एक संपूर्ण कादंबरी लिहिली. त्याचा बाप १९४० साली युद्धात पडला; आई १९४३ मध्ये आउश्वित्झला नेली गेली आणि परतली नाही. त्या अक्षरावाचून फ्रेंचमध्ये आई आणि बाप हे शब्द लिहिता येत नाहीत. मोरोपंतांच्या रचनेमागे असे दुःख उभे करण्याचा अगोचरपणा मी करणार नाही. साम्य आहे ते एवढेच, की दोन्ही ठिकाणी नियमाने नेमके तेच नाव बाहेर ठेवले, जे त्या विषयाच्या मध्यावर होते.

या ठिकाणी व्याख्या हाती लागते असे मला वाटते. ती अशी मांडतो : करणाऱ्याने आपण होऊन पत्करलेले बंधन जेथे कृतीच्या विषयाला भिडते, आणि त्या भिडण्याच्या जागी दुसऱ्या कोणाला उभे राहता येते, तेथे कला. 'भिडणे' हा शब्द मी जाणूनबुजून घेतला आहे. बंधन विषयाला शोभा देते असे म्हणणे पुरेसे नाही. शोभा वरून घालता येते. बंधनाने विषयाला अडविले पाहिजे आणि विषयाने बंधनाला.

या व्याख्येचा उपयोग काय, हे त्या एकशे आठ रामायणांवरच पाहावे. आविष्कारवाद्यांची व्याख्या त्यांना सरसकट बाहेर काढते. संस्थावाद्यांची सरसकट आत घेते. वरील व्याख्येने त्यांच्यात निवड करता येते. मंत्ररामायणात बंधन आहे, आणि ते विषयाशी जुळणारेही आहे. किंबहुना फारच जुळणारे आहे. रामकथेत राममंत्र सुखाने नांदतो, दोघांत झगडा होत नाही. ते उपासनेचे साधन म्हणून थोर असेल. कला म्हणून मी त्यास निरोष्ठ रामायणाच्या खाली ठेवीन. सामान्य भाविक वाचक याच्या नेमका उलट निर्णय देईल, आणि वर्गातही तसाच मतभेद झाला. निर्णय चुकीचा असू शकतो. पण व्याख्येवरून निर्णय देता येतो आणि तो खोडून काढता येतो, एवढे साधले. ज्या रामायणांत नियम केवळ अक्षरांची मांडामांड करतो आणि रामकथेऐवजी दुसरी कोणतीही कथा घातली तरी काही बिघडत नाही, ती मात्र कसरतच. माझे पहिले उत्तर त्यांच्यापुरते खरे होते.

ज्या कृतीसाठी व्याख्या घडविली तिला ती बसतेच. त्यात काही कर्तृत्व नाही. तिला त्याच परिसरातील, पण शब्दांशी संबंध नसलेल्या कृतींवर घासून पाहणे अवश्य होते. आषाढी वारीत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून निघाली की वाटेत काटेवाडी लागते. तेथे पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते. पुढे इंदापूर तालुक्यात शिरल्यावर बेलवाडीस अश्वांचे गोल रिंगण होते. ही कला आहे काय?

मेंढ्यांच्या रिंगणात बंधन आहे ते वर्तुळाचे. मेंढरू वर्तुळ जाणत नाही. ते पुढच्या मेंढराला जाणते. या स्वभावाला वर्तुळाशी भिडवून कळप पालखीभोवती धावविणे हे धनगराचे कौशल्य, आणि पाहणाऱ्याला तेथे उभे राहता येते हे तर शब्दशः खरे. बंधन 'आपण होऊन' पत्करलेले नाही, ते रूढीने आले आहे, असा आक्षेप टिकणार नाही; आर्या हे वृत्तही मोरोपंतांना रूढीनेच मिळाले होते. म्हणजे व्याख्येप्रमाणे हे कलेत येते. आणि येथेच मला अवघडल्यासारखे होते. कळपावर रोगराई येऊ नये या श्रद्धेने जो माणूस आपली मेंढरे पालखीभोवती धाववितो, त्याला 'आपण कला सादर केलीत' असे सांगणे म्हणजे त्याच्या कृतीतला मुख्य भाग काढून घेणे होय. व्याख्या म्हणजे सातबाराचा उतारा नव्हे, की तिच्यावर नाव चढले म्हणजे दुसऱ्याचा हक्क गेला. रिंगण हे कला आहे असे म्हणताना ते आणखी काही आहे आणि ते आणखी काहीच अधिक महत्त्वाचे आहे, हे म्हणण्याची वाट व्याख्येने मोकळी ठेवली पाहिजे. माझ्या व्याख्येत ती मोकळी आहे असे मला वाटते. कारण कृती कशासाठी आहे याविषयी ती काहीच बोलत नाही. पण हे वाटणे पूर्ण निर्धास्त नाही.

बेलवाडीचे रिंगण मला अधिक उद्बोधक वाटते. धावणाऱ्या दोन अश्वांपैकी एकावर स्वार असतो; दुसऱ्यावर कोणी बसत नाही. त्या रिकाम्या खोगिरावर संत आरूढ आहेत अशी वारकऱ्यांची भावना असते. येथील मुख्य नियमही निषेधाचाच आहे : बसावयाचे नाही. ज्याच्यासाठी हा सारा सोहळा, त्याची जागा रिकामी ठेवावयाची आणि ती रिकामी जागा भरधाव वेगाने सर्वांच्या डोळ्यांपुढून न्यावयाची. निरोष्ठ रामायणातील न घेतलेले नाव आणि हे न भरलेले खोगीर एका जातीचे आहेत, असे म्हणण्याचा मोह आवरत नाही. फरक आहे तो पाहणाऱ्याच्या सोयीचा. खोगीर रिकामे आहे हे लहान मुलालाही दिसते. नाव घेतलेले नाही हे पंडितालाही सांगावे लागते.

तिसरी वस्तू उजनीच्या पाण्यात आहे. भीमेवरील हे धरण १९८० साली पूर्ण झाले आणि इंदापूर तालुक्यातील जुने पळसदेव गाव जलाशयाखाली गेले. तेथील पळसनाथाचे प्राचीन दगडी मंदिर पाणी फार उतरले म्हणजे उघडे पडते. ते पाहण्यास लोक जातात, आणि पाण्यातून वर आलेल्या त्या शिखराने मन हेलावते यात संशय नाही. पण ज्याने मन हेलावते ते स्थपतीचे बंधन नव्हे. ते पाणी, काळ आणि विस्थापन यांचे काम आहे. माझ्या व्याख्येप्रमाणे मंदिर पाण्याखाली असतानाही कलाकृतीच, कारण उभे राहण्याची जागा त्यात ठेवलेली आहे, आज ती भरली जात नाही इतकेच. आणि त्याचे उघडे पडणे हे कितीही सुंदर असले तरी कला नव्हे. सुंदर आणि कलात्मक यांची येथे फारकत होते. ज्या उन्हाळ्यात ते दृश्य दिसते तो उन्हाळा त्या भागातील शेतकऱ्याला कसा जातो हे ठाऊक असणाऱ्याला ही फारकत मान्य करणे फारसे जड जाणार नाही.

एक अडचण मात्र सुटलेली नाही, आणि ती व्याख्येच्या उत्तरार्धातच आहे. 'दुसऱ्या कोणाला उभे राहता येते' असे मी म्हटले. निरोष्ठ रामायणात पठन करणाऱ्याला उभे राहता येते हे त्याच्या ओठांवरून सिद्ध आहे. श्रोत्याचे काय? नियम न सांगता ते ऐकविले तर त्याच्यापर्यंत काही पोचते काय? पोचत नसेल, तर नियमाची माहिती हा कृतीचाच भाग धरावा लागेल. मग ज्या कृतीला सोबत टीप लागते ती स्वतःच्या पायावर उभी आहे असे कसे म्हणावे? की 'राम' हा शब्द रामकथेत कोठेच आला नाही, याची एखादी अस्पष्ट हुरहुर न सांगताही श्रोत्याला लागते? याचे उत्तर बसल्या जागी विचार करून मिळण्यासारखे नाही. येत्या सत्रात वर्गाचे दोन गट करून, एका गटास नियम सांगून आणि दुसऱ्यास न सांगता, याच आर्यांचे पठन ऐकविण्याचे योजिले आहे. ज्या विद्यार्थिनीने हा प्रश्न उपस्थित केला तिनेच पठन करण्याचे मान्य केले असून सराव सुरू झाला आहे. पहिल्या दिवशी तिने थांबून पाणी मागितले, ते पाचव्या आर्येनंतर.